घरफोडीपासून घर आणि सामान कसं जपावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आसपास कुठे घरफोडी झाली की सगळे एकमेकांना जे प्रश्न विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. हवं ते उत्तर आधी वाचलं तरी चालेल. सगळ्या उत्तरांच्या मुळाशी हिशोब एकच आहे: चोराला आत शिरायला किती वेळ लागतो, तेवढा वेळ तो कुणाच्या नजरेस पडतो का, आणि शिरल्यावर चटकन त्याच्या हाती काय लागतं.

चोर घर हेरतो कसं?

घरफोड्या करणाऱ्यांशी बोलून केलेल्या अभ्यासांतून एक गोष्ट वारंवार पुढे आली आहे. घरात कुणी आहे का, हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. घरातल्या माणसाशी गाठ पडलेली बहुतेकांना नको असते. म्हणूनच खूप घरफोड्या भरदिवसा होतात, मोठी माणसं कामावर आणि मुलं शाळेत असतात तेव्हा. सगळ्यात सोपी चाचणी म्हणजे बेल वाजवणं. दार उघडलं तर कुणाचंतरी नाव घेऊन "इथेच राहतात का?" असं विचारायचं आणि चालू पडायचं. नाही उघडलं, तर काम सुरू.

त्यानंतर तो बघतो दाराशी किती आडोसा आहे ते. उंच कुंपण, दाट झाडी, जिन्याचा अंधारा वळसा या गोष्टी आपल्याला खासगीपणा देतात आणि त्यालाही. शेवटी पळायची वाट. घराच्या मागे मोकळी गल्ली किंवा ओसाड जागा असेल, तर मागच्या दाराकडे पुढच्यापेक्षा जास्त लक्ष द्यायला हवं. आपण नेमकं उलटं करतो: दर्शनी दाराला तीन कुलपं, आणि मागच्या दाराला आतून नुसती कडी.

खर्च बेताचा आहे. सुरुवात कुठून करू?

जे आधीच बसवलेलं आहे ते रोज लावण्यापासून. उघड्या किंवा नुसत्या लोटलेल्या दारातून, न लावलेल्या खिडकीतून होणाऱ्या चोऱ्या थोड्याथोडक्या नसतात. त्यांना कटावणी लागत नाही की कसब लागत नाही. पैसे खर्च करायचेच असतील तर आधी दाराची चौकट आणि कुलपाची पट्टी, मग खिडक्या, मग उजेड, आणि सगळ्यात शेवटी कॅमेरा. दुकानात हा क्रम बरोबर उलटा सांगितला जातो, कारण कॅमेरा विकणं सोपं असतं.

चांगलं महागडं कुलूप बसवलं की झालं ना?

अर्धंच काम झालं. दार लाथेने किंवा कटावणीने फुटतं तेव्हा कुलूप शाबूत राहतं आणि चौकट फाटते, असंच बहुतेकदा होतं. आपलं दार उघडून चौकटीकडे बघा. कुलपाची जीभ ज्या भोकात शिरते तिथे एक लहान धातूची पट्टी असते. तिचे स्क्रू काढून पाहिले तर अनेकदा ते जेमतेम पेराएवढे निघतात, तेही चौकटीच्या कडेच्या पातळ लाकडात रुतलेले. दाराला धक्का बसला की सगळा भार त्या दोन स्क्रूंवर येतो आणि लाकडाची ढलपी निघून पट्टी सुटते. कुलूप हजारांचं असो की लाखाचं, त्या क्षणी त्याचा काही उपयोग नसतो.

उपाय स्वस्त आहे. जाड आणि लांब पट्टी बसवून घ्यायची आणि तिला साधारण 75 मिलिमीटर लांबीचे स्क्रू लावायचे, म्हणजे ते चौकट ओलांडून मागच्या भक्कम लाकडात पोहोचतात. चौकट विटांच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीत असेल तर ती भिंतीला अँकर फास्टनरने आवळून घ्यावी. जीभ चौकटीत किमान 25 मिलिमीटर शिरायला हवी. दार बाहेर उघडणारं असेल तर बिजागऱ्या बाहेरून दिसतात. त्यांच्या पिना ठोकून काढता येणार नाहीत अशा आहेत का, हेही पाहा. आणि पोकळ, आत पुठ्ठ्याची जाळी असलेलं दार बाहेरच्या चौकटीला लावूच नये. ते आतल्या खोल्यांसाठी असतं.

घरी करता येईल अशी एक तपासणी: दार कुलूप लावून बंद करा आणि खालच्या कोपऱ्याला, मग वरच्या कोपऱ्याला हाताने दाब द्या. दार हलत असेल, फट उघडत असेल, तर कटावणीला शिरायला तेवढी जागा पुरते.

बाहेरून कडी-कोयंडा आणि भलंमोठं कुलूप लावलं तर?

दोन अडचणी. कुलूप कितीही वजनदार असलं तरी कोयंडा दाराला चार स्क्रूंनी धरलेला असतो. त्याच्यामागे कटावणी घातली की कुलूप कोयंड्यासकट लोंबकळत बाहेर येतं. बातम्यांमध्ये "कडी-कोयंडा उचकटून" हे शब्द इतक्यांदा येतात ते यामुळेच. दुसरी अडचण अशी की लटकणारं कुलूप रस्त्यावरूनच सांगतं, घरात कुणी नाही. दाराच्या आत बसणारं कुलूप आतून लावलंय की बाहेरून, हे बाहेरच्याला कळत नाही.

कडी-कोयंडाच ठेवायचा असेल, तर बंद स्थितीत ज्याचे स्क्रू झाकले जातात असा घ्या, आणि स्क्रूऐवजी आरपार बोल्ट टाकून आतून नट आवळा.

लॅचचं दार ओढलं की आपोआप लागतं. मग पुन्हा किल्ली कशाला फिरवायची?

कारण साध्या लॅचची जीभ तिरकी असते आणि स्प्रिंगवर चालते. दारफटीतून प्लॅस्टिकचं कार्ड सरकवून ती मागे ढकलता येते. किल्लीचा फेरा दिला की चौकोनी जीभ बाहेर येऊन अडकते. ती अशी ढकलली जात नाही. दोन मिनिटांसाठी खाली जातानाही हा फेरा द्यावा.

कधीच उघडता येणार नाही असं कुलूप असतं का?

नाही. इंग्लंडमधले कुलूप बनवणारे जोसेफ ब्रामा यांच्या कंपनीने लंडनमधल्या दुकानाच्या खिडकीत एक कुलूप ठेवून, ते उघडून दाखवणाऱ्याला 200 गिनींचं (गिनी हे जुनं इंग्रजी नाणं) बक्षीस लावलं होतं. ते अनेक दशकं कुणाला उघडलं नाही. 1851 च्या महाप्रदर्शनाच्या वेळी अमेरिकेहून आलेल्या आल्फ्रेड हॉब्ज यांनी ते उघडलं. एकूण 51 तासांचं काम, 16 दिवसांत विभागलेलं. त्याच वर्षी त्यांनी चब कंपनीचं नावाजलेलं कुलूप 25 मिनिटांत उघडून दाखवलं आणि कुलूपवाल्यांची झोप उडवली.

पण आपल्या दाराशी येणाऱ्या चोराजवळ 16 दिवस नसतात, आणि तार घालून नजाकतीने कुलूप उघडण्यात त्याला रसही नसतो. तो तोडतो. म्हणून दार-खिडक्यांच्या युरोपीय प्रमाणात मजबुती मिनिटांत मोजतात: आरसी 2 वर्गाचं दार साध्या हत्यारांना 3 मिनिटं दाद देत नाही, आरसी 3 वर्गाचं 5 मिनिटं. ऐकायला हे थोडं वाटतं. आवाज करत, कुणी येईल या धास्तीत दाराशी उभ्या असलेल्या माणसाला ती 3 मिनिटं फार मोठी असतात.

कुलूप घेताना एक मात्र बघा. दाराच्या पृष्ठभागापुढे सिलिंडर, म्हणजे किल्ली शिरते तो कुलपाचा गाभा, डोकावता कामा नये. बाहेर आलेलं टोक पकडीत धरून मधोमध तोडता येतं. आजूबाजूला कडक धातूचं कडं असलेलं, तोडफोडीला आणि ड्रिलला टिकणारं सिलिंडर मागून घ्या.

नव्या घरात राहायला आलोय. कुलपं बदलायला हवीत का?

हो, सामान लावायच्या आधी. जुन्या किल्ल्या कुणाकुणाकडे आहेत हे आधीच्या मालकालाही आठवत नसतं. सहसा पूर्ण कुलूप बदलावं लागत नाही, नुसतं सिलिंडर बदलून भागतं. भाड्याचं घर असेल तर मालकाला विचारून बदला आणि जुनं सिलिंडर जपून ठेवा, जाताना परत बसवता येतं.

किल्ली हरवली तर? आणि जादा किल्ली ठेवायची कुठे?

पत्ता लिहिलेल्या पाकिटासोबत किल्ली गेली असेल तर त्याच दिवशी सिलिंडर बदला. पायपुसणं, कुंडी, मीटरची पेटी, चपलांचं कपाट, चौकटीची वरची कड या जागा चोर सगळ्यात आधी चाचपतो. जादा किल्ली विश्वासातल्या माणसाकडे द्यावी आणि तिच्यावर नाव-पत्ता लिहू नये. किल्लीचा स्पष्ट फोटो समाजमाध्यमांवर टाकणंही टाळा, दात दिसत असतील तर त्यावरून दुसरी बनवता येते. नव्या घराच्या आनंदात हा फोटो हमखास टाकला जातो.

खिडक्यांना ग्रिल आहेच. आणखी काय?

ग्रिल भिंतीत रुतलेलं आहे की खिडकीच्या चौकटीला स्क्रूने लावलंय ते पाहा. बाहेरून स्क्रू दिसत असतील तर त्यांची डोकी वेल्ड करून घ्या. सरकत्या खिडक्यांची झडप वर उचलून रुळातून काढता येते. वरच्या रुळात अडकाव बसवला आणि खालच्या रुळात पट्टी किंवा दांडा आडवा ठेवला की ते थांबतं. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी पाइप, गच्ची आणि शेजारच्या छताकडून आपल्या खिडकीपर्यंत हात पोहोचतो का, ते बघावं. न्हाणीघराची लहान झडप लोक विसरतात.

ग्रिलबाबत एक गोष्ट चोरीपेक्षा महत्त्वाची आहे. आग लागली तर बाहेर कसं पडणार? झोपायच्या खोलीतल्या एका तरी ग्रिलला आतून उघडणारं दार हवं आणि ते उघडायचं कसं हे घरातल्या मुलांना, म्हाताऱ्यांना ठाऊक हवं. आतूनही किल्लीनेच उघडणारं कुलूप मुख्य दाराला लावत असाल, तर घरात माणसं असताना ती किल्ली दाराजवळच, पण बाहेरून हात पोहोचणार नाही अशी ठेवा. धुरात किल्ली शोधायला वेळ मिळत नाही.

सीसीटीव्हीने चोर थांबतो का?

काही थांबतात, काही टोपी-मास्क घालून येतात. कॅमेरा दाराला धरून ठेवत नाही. तो झालेलं दाखवतो. त्यातही छताच्या कोपऱ्यातून घेतलेल्या चित्रात डोक्याचा वरचा भाग तेवढा दिसतो आणि चेहरा ओळखू येत नाही. दाराशी, चेहऱ्याच्या उंचीच्या जवळपास लावलेला एक कॅमेरा छतावरच्या चारांपेक्षा कामाचा. रेकॉर्डर टीव्हीशेजारी ठेवला तर चोर तोही उचलून नेतो, म्हणून चित्रीकरणाची प्रत घराबाहेर, क्लाउडवर जायला हवी. आणि शेजाऱ्याच्या दार-खिडक्या आपल्या कॅमेऱ्यात येऊ देऊ नका.

घरच्या कॅमेऱ्याची मूळ कल्पना खरं तर वेगळीच होती. न्यूयॉर्कमधल्या परिचारिका मेरी व्हॅन ब्रिटन ब्राऊन आणि त्यांचे पती आल्बर्ट यांनी 1966 मध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि 1969 मध्ये ते मिळालं. दाराला एकाखाली एक छिद्रं, त्यांवर सरकणारा कॅमेरा, आत पडदा, बोलायला मायक्रोफोन, दुरून दार उघडायची सोय आणि मदत बोलवायचं बटण. दार न उघडता समोरच्याला बघता-बोलता यावं, हा उद्देश. आजही कॅमेऱ्याचा सगळ्यात चांगला उपयोग हाच आहे.

वायफायवर चालणारे कॅमेरे आणि स्मार्ट कुलपं भरवशाची असतात का?

कंपनीने दिलेला पासवर्ड तसाच ठेवला तर अजिबात नाहीत. 2016 मध्ये मिराय नावाच्या व्हायरसने जगभरातले असंख्य कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेतले, तेही मुख्यतः कारखान्यातून आलेले पासवर्ड वापरून पाहत. पासवर्ड बदला, दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा, अपडेट येत राहतील अशाच कंपनीची वस्तू घ्या. स्मार्ट कुलपाची बॅटरी संपल्यावर दार कसं उघडायचं, हे विकत घ्यायच्या आधी विचारा. पाहुण्यांना दिलेले कोड ते गेल्यावर काढून टाका. आणि वर चौकटीबद्दल जे लिहिलं ते या कुलपांनाही लागू आहेच.

अलार्म घ्यायचा तर कुठला?

दारा-खिडकीला लागणारा चुंबकाचा सेन्सर आणि आतल्या वाटेवर एक हालचाल टिपणारा सेन्सर, एवढ्यावर बहुतेक घरांचं भागतं. हालचाल टिपणारा सेन्सर शरीराच्या उष्णतेत होणारा बदल ओळखतो, त्यामुळे उन्हाच्या तिरिपेसमोर किंवा हीटरसमोर लावला तर उगाच वाजतो. उगाच वाजणारा अलार्म पंधरवड्यात शेजारी ऐकेनासे होतात, आणि महिन्याभरात आपणच बंद करून ठेवतो. म्हणून जागा नीट निवडा.

कुत्रा पाळला तर?

भुंकणारा कुत्रा चोराला नकोच असतो. तरी केवळ राखणीसाठी कुत्रा आणू नये. त्याला दहा-पंधरा वर्षं माणसं लागतात.

काही दिवस घर बंद राहणार आहे. काय करून जावं?

घर बंद आहे हे सांगणाऱ्या खुणा पुसायच्या. दाराशी साचलेली वर्तमानपत्रं, पेटीतून बाहेर डोकावणारी पत्रं, दाराला खोचलेली पत्रकं, दिवसभर जळणारा बाहेरचा दिवा. हा दिवा लोक सुरक्षेसाठी लावून जातात आणि तोच चुगली करतो. त्यापेक्षा टायमर किंवा स्मार्ट प्लग घ्या, आणि दिवे वेगवेगळ्या खोल्यांत, रोज थोड्या वेगळ्या वेळी लागतील असं करा. बाहेरच्या दिव्याला हालचालीवर पेटणारा सेन्सर बरा.

शेजाऱ्यांना सांगून जा, म्हणजे दार ठोठावल्याचा आवाज आला तर "ते गावाला गेलेत, मग हे कोण?" हा प्रश्न त्यांना पडेल. रोज पत्रकं उचलायला, एखाद्या संध्याकाळी खिडकी उघडायला त्यांनाच सांगा आणि त्यांच्यासाठी आपणही तेच करा. प्रवासाचे फोटो परत आल्यावर टाका. मुलांच्या मोबाइलवरून आजच गेलेला विमानतळाचा फोटो हा यातला कायमचा अपवाद असतो, म्हणून निघायच्या आधी त्यांच्याशी बोला. सामानाच्या चिठ्ठीवर घराचा पूर्ण पत्ता लिहू नका.

दागिने आणि रोकड घरात कुठे लपवावी?

झोपायच्या खोलीतलं कपाट, गादीखाली, कपड्यांच्या घड्यांत, डब्यात, देवघरात: आपल्याला सुचते ती जागा त्यालाही सुचते. चोर सहसा आधी झोपायच्या खोलीत जातो आणि खण खालून वर उघडत येतो, म्हणजे एक बंद न करता दुसरा बघता येतो. रोज न लागणाऱ्या मौल्यवान वस्तू बँकेच्या लॉकरमध्ये ठेवणं सगळ्यात बरं. कपाटाच्या किल्ल्या कपाटावरच ठेवायची सवय मात्र आजच सोडा.

घरी तिजोरी घ्यायची तर ती भिंतीला आणि जमिनीला आतून बोल्ट मारून बसवा. सुटी छोटी तिजोरी म्हणजे मौल्यवान ऐवज एकत्र करून, मूठ लावून ठेवलेली पेटी. आगीपासून वाचवणारी तिजोरी आणि चोरीपासून वाचवणारी तिजोरी या वेगळ्या असतात, हेही ध्यानात ठेवा. अग्निरोधक तिजोरीत कागद वाचतात, पण तिचा पत्रा कटावणीपुढे टिकेलच असं नाही. शिवाय कागद ज्या उष्णतेत टिकतात तिच्यात हार्ड डिस्क आणि पेन ड्राइव्ह खराब होतात, त्यांना वेगळ्या दर्जाची तिजोरी लागते.

मीटर बघायला, दुरुस्तीला म्हणून कुणी आलं तर?

साखळी लावूनच दार उघडा, ओळखपत्र मागा, आणि कार्यालयाला फोन करून खात्री करा. क्रमांक मात्र बिलावरचा किंवा आपल्याला माहीत असलेला घ्या. आलेल्या माणसाने दिलेला नको. खरा कर्मचारी बाहेर थांबतो. घाई करणारा, पाणी मागून आत डोकावणारा, किंवा एकाने बोलण्यात गुंतवायचं आणि दुसऱ्याने आत शिरायचं अशी जोडी असेल तर दार बंद करून घ्या. यात उद्धटपणा नाही. घरात एकटं असणाऱ्या आजी-आजोबांना हे नीट समजावून सांगा, कारण माणुसकीपोटी ते दार उघडतात आणि नेमकं तेच हेरलं जातं.

सामानाची यादी खरंच करावी लागते?

करावी, आणि ती कंटाळवाणी असते. म्हणून लांबचा रस्ता सोडा: मोबाइलने घरभर फिरून खोली, कपाट, खण दाखवत एक व्हिडिओ काढा. नंतर महागड्या वस्तूंचे अनुक्रमांक आणि पावत्यांचे फोटो घ्या, दागिन्यांचे जवळून फोटो घ्या आणि वजन नोंदवा. मोबाइलवर *#06# दाबलं की 15 अंकी आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा ओळख क्रमांक दिसतो, तो टिपून ठेवा. हे सगळं घराबाहेर, म्हणजे ईमेल किंवा क्लाउडवर हवं. ज्या लॅपटॉपमध्ये यादी होती तोच चोरीला गेला, हे ऐकायला विनोदी वाटतं, पण होतं.

विमा असेल तर पॉलिसीत तीन गोष्टी शोधा. जबरदस्तीने शिरल्याची खूण नसेल तर भरपाई मिळते का, घर सलग किती दिवस बंद असलं तर संरक्षण थांबतं, आणि दागिने-रोकड यांना किती मर्यादा आहे. सामानाची किंमत कमी लावली असेल तर अनेक पॉलिसींत भरपाईही त्याच प्रमाणात कापली जाते.

घरी आलो आणि दार फोडलेलं दिसलं. आत जाऊ का?

नको. चोर अजून आत असू शकतो. मागे फिरा, शेजाऱ्याकडून किंवा रस्त्यावरून पोलिसांना फोन करा. 112 हा आपत्कालीन क्रमांक बऱ्याच देशांत चालतो. पोलीस येईपर्यंत काही आवरू नका, दाराच्या मुठीला, कपाटाच्या काचेला हात लावू नका. नंतर फोटो घ्या, काय काय गेलं त्याची यादी द्या आणि तक्रारीची प्रत मागून घ्या. बँक कार्डं, सिम, धनादेश लगेच बंद करा. घरातली एखादी जादा किल्ली गेली असेल तर त्याच संध्याकाळी सिलिंडर बदला. मोटारीची किल्ली गेली असेल तर मोटारही हलवा.

रात्री घरात कुणीतरी असल्याची चाहूल लागली तर?

सगळ्यांना एका खोलीत घ्या, दार आतून लावा, फोन करा. दिवा लावून मोठ्याने बोललात तरी बहुतेकदा तो पळ काढतो. त्याला पळायला वाट राहू द्या. गेलेलं सामान परत घेता येतं.

एकदा चोरी झाली. आता पुन्हा होणार नाही ना?

उलट, नंतरचे काही आठवडे धोका वाढलेला असतो, आपल्यालाही आणि लगतच्या घरांनाही. चोराला घर आतून माहीत झालेलं असतं आणि गेलेल्या वस्तू आपण नव्या आणणार हेही त्याला कळतं. इंग्लंडमधल्या रॉशडेल शहरात कर्कहोल्ट नावाच्या वस्तीत 1980 च्या दशकात याच गोष्टीवर भर देऊन काम झालं. जिथे नुकतीच चोरी झाली त्या घराची दारं-खिडक्या लगेच पक्की केली, आजूबाजूच्या मोजक्या घरांना त्यावर नजर ठेवायला सांगितलं, आणि चोरांना खुणावणारे नाणी टाकून चालणारे वीज-गॅसचे मीटर काढले. घरफोड्या निम्म्याहून खाली आल्या. तेव्हा तुटलेलं दार "बघू पुढच्या महिन्यात" म्हणून ठेवू नका. शेजारी चोरी झाली असेल तर आपणही त्याच आठवड्यात आपली कुलपं तपासा.

रात्री झोप न लागणं, बारीक आवाजाने दचकणं हेही अनेकांना बरेच दिवस होतं. मुलांशी त्यावर मोकळेपणाने बोला. त्रास ओसरत नसेल तर डॉक्टरांना दाखवा.

कुलूप जड फिरतं. तेल घालू का?

खायचं तेल तर मुळीच नको. तेलावर धूळ बसून आतल्या पिना आणखी अडकतात. ग्रॅफाइटची पूड चिमूटभर सोडा आणि किल्ली चार-सहा वेळा आत-बाहेर करा. तरी अडकत असेल तर बहुधा दार उतरलेलं असतं आणि जीभ पट्टीच्या भोकाला घासते. आधी बिजागऱ्यांचे स्क्रू आवळून बघा.